बोर्डगेम कन्व्हेन्शनला जाताय? आधी माणसं ठरवा, मग गेम

कन्व्हेन्शनला, म्हणजे गेम खेळणाऱ्यांच्या काही दिवसांच्या मेळाव्याला (सगळे त्याला नुसतं कॉन म्हणतात), जायचं नक्की झालं की बहुतेक जण सगळ्यात आधी गेमची यादी करायला बसतात, कुठला नवीन गेम येतोय, कुठल्या स्टॉलवर काय मिळणार, कुठल्या डेमोला लवकर रांग लावावी लागेल वगैरे, आणि जुन्या मित्रांचं मात्र "तिथे भेटूच की" एवढ्यावर सोडून देतात. मग होतं काय, तीन-चार दिवस सगळे एकाच इमारतीत असतात, कधीतरी कॉरिडॉरमध्ये घाईघाईत गाठ पडते, "अरे बसूया ना एकदा" असं दोघंही अगदी मनापासून म्हणतात आणि शेवटच्या दिवशी कळतं की बसणं काही झालं नाही. गेम तर नंतरही विकत मिळतो, ज्याच्यासोबत तुम्ही वर्षानुवर्षं एका टेबलावर बसलात तो माणूस मात्र त्या हॉलमध्ये तेवढेच दिवस असतो. म्हणून हा सगळा लेख माणसं आधी आणि गेम नंतर या क्रमाने लिहिलाय. पहिल्यांदा जाणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल, पण मनात खरं तर ते लोक आहेत ज्यांचा ग्रुप कधीकाळी दर आठवड्याला जमायचा आणि आता पांगलाय.

आधी कॉन कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

सगळी कन्व्हेन्शन्स सारखी नसतात आणि पुनर्भेटीसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. ढोबळमानाने तीन प्रकार.

एक म्हणजे प्रदर्शन-छाप. जर्मनीतल्या एसेनचं श्पील हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण, १९८३ पासून चालू आहे, ऑक्टोबरमध्ये गुरुवार ते रविवार असतं आणि २०१९ मध्ये तिथे दोन लाखांहून जास्त लोक येऊन गेले. तिथला मुख्य कार्यक्रम म्हणजे प्रकाशकांचे स्टॉल, नवीन गेमचे डेमो आणि खरेदी. दिवसा निवांत बसायला टेबल मिळणं अवघड, त्यामुळे खरं खेळणं होतं ते संध्याकाळी हॉटेलांच्या लॉबीत. अशा ठिकाणी मित्रांना भेटायचं असेल तर सगळ्यांनी एकाच हॉटेलात किंवा निदान चालत जाता येईल अशा अंतरावर उतरायचं, हॉलच्या भरवशावर राहायचंच नाही.

दुसरा प्रकार स्लॉटवाला. अमेरिकेतलं जेन कॉन तसं. १९६८ मध्ये गॅरी गायगॅक्सने (पुढे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गेम बनवणाऱ्यांपैकी एक) विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात ते भरवलं तेव्हा शंभरेक लोक आले होते, २००३ पासून ते इंडियानापोलिसला असतं आणि २०२३ मध्ये ७० हजारांहून जास्त लोक आले. तिथे आरपीजी (म्हणजे रोल-प्लेइंग गेम, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायची) सेशन, टूर्नामेंट, वर्कशॉप या सगळ्याला वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं आणि वेगळं तिकीट. आधी बुक केलं नाही तर ग्रुपला एकत्र जागा मिळणं कठीण.

तिसरा प्रकार ओपन गेमिंगचा, म्हणजे मोठा हॉल, भरपूर टेबलं, गेमची मोठी लायब्ररी, बॅज (प्रवेशाचा बिल्ला) किंवा ओळखपत्र दाखवून बॉक्स घ्या, खेळा आणि परत करा. डॅलसचं बीजीजी कॉन (बोर्डगेमगीक या वेबसाइटचं) मुख्यतः असं आहे, फिलाडेल्फियाला २०१७ पासून होणाऱ्या पॅक्स अनप्लग्डमध्ये स्टॉलही खूप असतात पण मोकळ्या खेळाची जागाही भरपूर असते. माझं स्पष्ट मत, जुना ग्रुप जमवायचा असेल आणि निवड तुमच्या हातात असेल तर या तिसऱ्या प्रकारालाच जा, मग ते एखादं शे-दोनशे लोकांचं छोटं कॉन का असेना. छोट्या कॉनमध्ये तर माणसं चुकामूक होऊन हरवतच नाहीत, दुपारपर्यंत सगळे चेहरे ओळखीचे होतात.

मेसेज कसा करायचा

"यंदा कोण कोण येतंय?" असा मेसेज जुन्या ग्रुपवर टाकला की चार अंगठे येतात, दोन "बघतो" येतात आणि विषय संपतो. कारण त्या प्रश्नाला कुणी एकट्याने उत्तर द्यावं असं त्यात काहीच नसतं. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळा मेसेज करा, आणि त्यात दिवस, वेळ आणि किती वेळ लागेल हे तिन्ही लिहा. असं काहीतरी:

"अरे, यंदा कॉनला येणारेस का? शुक्रवारी संध्याकाळी सहा ते नऊ मी मोकळी ठेवलीये, लायब्ररीच्या बाजूचं टेबल धरून ठेवते, दुसरं काही ठरवलेलं नाही. गेम हलकाच घेऊ, गप्पा मारायच्यात. जमेल का तेवढं सांग, नाही जमलं तरी सांग म्हणजे दुसरी वेळ बघू."

खूप वर्षं बोलणं झालेलं नसेल तर लोक अडखळतात, इतक्या दिवसांनी एकदम कसा मेसेज करायचा, त्याला काय वाटेल. लांबलचक खुलासे देत बसू नका, माफीही नको. एक जुनी गोष्ट आठवून सुरुवात करा, फक्त तुम्हा दोघांनाच कळेल अशी, "तुझ्या त्या बुटक्या योद्ध्याने पूल पाडला होता आणि आपण सगळे पलीकडे अडकलो होतो, आठवतंय?" एवढं पुरतं. ग्रुपमध्ये वयाने मोठं कुणी असेल, बऱ्याचदा जुना जीएमच (गेम मास्टर, आरपीजीत गोष्ट चालवणारा) असतो, तर त्यांना मेसेज नको, फोनच करा, "दादा, तुमच्याशिवाय टेबल पूर्ण नाही होणार, दोन तास तरी या" असं तोंडाने सांगितलं की माणूस येतो.

अजून एक. आता कुणाला लहान मूल आहे, कुणाची तब्येत बरी नाही, कुणी फक्त एका दिवसाचा पास काढलाय. त्यांना "मग काय उपयोग" असं वाटू देऊ नका. एका तासासाठी येणाऱ्यालाही ठरलेल्या वेळेत जागा ठेवा, आणि तो तास सगळ्यांचा असेल असं बघा, त्यावेळी दोघं जण रूलबुकात डोकं घालून बसलेत असं नको.

तिकिटं आणि बुकिंग

ही पायरी कंटाळवाणी आहे पण इथेच ग्रुप फुटतो, म्हणून एका माणसाने जबाबदारी घ्यायची. बॅज आधी, राहण्याची जागा लगेच, इव्हेंट नंतर. मोठ्या कॉनला जवळची हॉटेलं सगळ्यात आधी भरतात. इव्हेंटचं रजिस्ट्रेशन ज्या क्षणी उघडतं तो क्षण सगळ्यांच्या फोनमध्ये रिमाइंडर म्हणून टाका. जेन कॉनला आधी विशलिस्ट बनवायची असते आणि ठरलेल्या वेळी ती सबमिट केली की रांगेत नंबर लागतो, त्यामुळे ग्रुपमधल्या जितक्या जणांना जमेल तितक्यांनी सगळ्यांसाठी तीच यादी टाकायची, कुणाचातरी नंबर पुढचा लागतोच आणि तो बाकीच्यांची तिकिटं घेऊन टाकतो. एकच गेम चार वेगवेगळ्या वेळांना असेल तर चारही वेळा यादीत टाका, वर-खाली क्रम लावून.

हवं ते मिळालं नाही तर निराश होऊ नका. जेन कॉनमध्ये जेनेरिक, म्हणजे कुठल्याही एका इव्हेंटशी न बांधलेली तिकिटं मिळतात, ती घेऊन टेबलापाशी जाऊन उभं राहायचं, बुक केलेलं कुणी आलं नाही तर ती जागा तुमची. एकट्यादुकट्याला हे खूप छान जमतं, पाच जणांच्या ग्रुपला नाही, तेवढं लक्षात ठेवा.

वेळापत्रक, आणि भेट कुठल्या दिवशी

लोकांना वाटतं पुनर्भेट शेवटच्या रात्री ठेवावी, निरोपासारखी. मी म्हणते पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या संध्याकाळी ठेवा. शेवटच्या दिवसापर्यंत आवाज बसलेला असतो, पाय दुखत असतात, निम्म्यांना गाडी किंवा विमान पकडायचं असतं आणि लक्ष सगळं बॅगांकडे. आणि पहिल्याच संध्याकाळी भेटलात की उरलेले दिवस आपोआप जुळतात, "उद्या दुपारी मी रिकामा आहे, ये ना" असं तिथल्या तिथे ठरतं, ज्याला एका गोष्टीबद्दल बोलायचं राहिलं तो दुसऱ्या दिवशी गाठतो. एकदाच आणि शेवटी भेटलं की जे राहिलं ते राहिलंच.

दिवसाला एकच गोष्ट पक्की ठेवा, फार तर दोन. आरपीजीचे स्लॉट साधारण चार तासांचे असतात, असे दोन लावले की दिवस संपला. आणि बॉक्सवर ६० मिनिटं लिहिलं असेल तर नियम समजावून सांगणं, मांडणं, आवरणं, मधे कुणी पाणी आणायला जाणं हे धरून दीड ते दोन तास लागतात, त्यातून जुने मित्र असतील तर त्याहून जास्त. दोन गोष्टींच्या मधे निदान अर्धा तास सोडा, मोठ्या हॉलमध्ये एका टोकाकडून दुसरीकडे जायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात.

भेटायची जागा आधीच नकाशात बघून ठरवा आणि ती अगदी नेमकी सांगा. "मेन गेटपाशी" म्हणू नका, तिथे सगळं जग उभं असतं. "लायब्ररीच्या काउंटरच्या डाव्या बाजूची भिंत" असं पाहिजे. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क कोलमडतं, मेसेज तासाभराने पोचतात, त्यामुळे वेळ आणि जागा आधी ठरलेली असणं हाच खरा उपाय, सोबत एक नियमही ठरवून ठेवा की पंधरा मिनिटं थांबायचं आणि नाही आला तर पुढचं ठिकाण अमुक.

कुठला गेम काढायचा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे चांगले चांगले अनुभवी खेळाडू चुकतात. इतक्या वर्षांनी भेटतोय तर काहीतरी भव्य खेळूया असं वाटतं आणि मग ट्वायलाइट इम्पीरियमसारखा सहा-आठ तासांचा गेम मांडला जातो. गेम अप्रतिम आहे, प्रश्नच नाही, पण त्या सहा तासांत तुम्ही फक्त ग्रह, जहाजं आणि मतदान यावरच बोलाल, समोरच्याची आई कशी आहे, नोकरी बदलली का, हे विचारायला मधे जागाच नाही. शिवाय एकाला निघायचं झालं की सगळ्यांचा गेम मोडतो.

गप्पा आणि गेम एकत्र चालायला हवे असतील तर दोन गोष्टी बघा. पहिली, दुसऱ्याची पाळी चालू असताना तुम्ही मोकळे असता का. कार्कासॉन (२०००) किंवा टिकट टू राइड (२००४) मध्ये असता, आपली चाल झाली की बोलत बसता येतं, पुन्हा पाळी आली की पटावर बघून लगेच कळतं काय चाललंय. दुसरी, नियम किती आठवावे लागतात. जो गेम तुम्ही एकत्र खूप खेळला होता तोच काढा, हात आपोआप चालतात, आणि जुना बॉक्स उघडला की कुठल्या डावात कोण कसं जिंकलं होतं ते सगळं न विचारता बाहेर येतं. कुणाकडे ग्रुपची तीच जुनी कॉपी असेल तर ती आवर्जून आणायला सांगा, लायब्ररीतली नवी कोरी कॉपी तो परिणाम करत नाही.

माणसं एकेक करून येणार असतील तर सुरुवात अशा गेमने करा ज्यात कुणीही मधेच बसू शकतो. जस्ट वन किंवा कोडनेम्स (२०१५) याला उत्तम, कुणी अर्ध्यावर आलं तरी फरक पडत नाही, सोबत आलेला नवरा-बायको-भाऊ जो एरवी खेळत नाही तोही खेळतो. मग सगळे जमले आणि अंदाज आला की आज लोकांना खेळायचंय का बोलायचंय, तर पुढचं ठरवा. बोलायचंच असेल तर बॉक्स बंद ठेवा. टेबल अडवून गप्पा मारायला काही हरकत नाही, फक्त खूप गर्दी असेल आणि लोक जागा शोधत फिरत असतील तर बाहेर जाऊन बसा.

एकमेकांविरुद्ध दगाफटका करायचे गेम पहिल्याच भेटीत शक्यतो टाळा, विशेषतः ग्रुप थोडा कटुतेने पांगला असेल तर. त्यावेळी सहकारी गेम बरा, द क्रू (२०१९) सारखा, डाव लहान असतो, सगळे एकाच बाजूने असतात आणि हरलं तरी सगळे मिळून हरतात. जुनं भांडण मिटवायचं असेल तर ते टेबलावर चौघांसमोर काढू नका, हॉलबाहेर दोघंच एक चक्कर मारा.

जुनी आरपीजी कॅम्पेन परत खेळायची असेल तर

अर्धवट राहिलेली कॅम्पेन (तीच पात्रं घेऊन अनेक बैठकांत चालणारी लांब गोष्ट) चार तासांत पूर्ण करायचा मोह होतो, नका करू. त्यापेक्षा त्याच पात्रांची "दहा वर्षांनंतर" अशी एक छोटी, स्वतंत्र गोष्ट घ्या, एका बैठकीत संपणारी. पात्रांचे कागद आधीच भरून, छापून आणा, कॉनमध्ये बसून लेव्हल वाढवत बसलात तर तास जातो. चार तासांच्या स्लॉटमध्ये जमणं, ओळख, मधली सुट्टी वजा जाता खेळायला तीन-सव्वातीन तासच उरतात, म्हणून गोष्टीची सुरुवात थेट धामधुमीत करा, प्रवासाचं वर्णन वगैरे सोडून द्या, दोन मोठे प्रसंग आणि एक शेवट एवढंच लिहा.

आणि शक्य असेल तर यावेळी जीएम दुसऱ्या कुणीतरी व्हा. ज्याने वर्षानुवर्षं पडद्यामागे बसून सगळ्यांसाठी जग उभं केलं त्याला एकदा खेळाडू म्हणून बसू द्या, त्यासारखी भेट नाही.

माणसं बदलतात हेही ध्यानात ठेवा. कॉलेजात चालणारे विषय आता कुणाला खेळातही नको असतील, मधल्या वर्षांत कुणावर काय गुजरलं आपल्याला माहीत नसतं. सुरुवातीला दोन मिनिटं काढून काय नको ते विचारा, आणि टेबलावर एक्स-कार्ड ठेवा. जॉन स्टाव्ह्रोपोलोसने बनवलेली ही साधी पद्धत आहे, मधे ठेवलेल्या कार्डाला कुणीही हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. जुने मित्र आहोत म्हणून याची गरज नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण जुन्या मित्रांसमोर "मला हे नको" म्हणणं उलट जड जातं.

हॉलमधल्या गोंगाटात आरपीजीला त्रास होतो. कोपऱ्यातलं, भिंतीलगतचं टेबल धरा आणि जीएमने भिंतीला पाठ करून बसावं.

प्रत्यक्ष तिथे: शरीर आणि सामान

कॉनला जाणाऱ्यांमध्ये एक जुना नियम सांगतात, सहा-दोन-एक, म्हणजे रोज निदान सहा तास झोप, दोन वेळचं नीट जेवण, एक आंघोळ. हे बाकीच्यांसाठीही पाळायचं असतं, तुमच्याशेजारी चार तास कुणीतरी बसणार आहे. पाण्याची बाटली, पायात रुळलेले बूट (नवे अजिबात नको), पॉवर बँक, घशासाठी गोळ्या, हात साफ करायचं जेल. इतकी माणसं एकाच हॉलमध्ये तेच फासे आणि पत्ते हाताळतात त्यामुळे घरी परतल्यावर सर्दी-ताप खूप जणांना होतो, घरात म्हातारं माणूस किंवा बाळ असेल तर मास्क लावून खेळण्यात काहीच गैर नाही. आणि स्वतःलाच बरं वाटत नसेल तर त्या दिवशी टेबलावर जाऊ नका, मित्रांना कळवा.

सोबत गेम कमी न्या, लायब्ररी असेल तर दोन छोटे बॉक्स पुरतात. ग्लूमहेवनसारखा बॉक्स जवळजवळ दहा किलोचा असतो, तो घेऊन कुणी हॉलभर फिरू शकत नाही. खरेदीही पहिल्या दिवशी करू नका, मर्यादित प्रती असलेलं काही हवं असेल तेवढंच आधी घ्या, बाकी शेवटी, विमानाने जाणार असाल तर वजनाची मर्यादा आधी बघून.

चेहरा आठवतो पण नाव नाही

हे प्रत्येकाचं होतं. यावर एकच उपाय, समोरच्याला ओळखायला लावू नका, "ओळखलंस का?" हा प्रश्न तर विचारूच नका. स्वतःचं नाव आणि संदर्भ आधी सांगा, "मी अमुक, आपण त्या झोंबीवाल्या टूर्नामेंटला एका टेबलावर होतो." समोरचाही लगेच आपलं नाव सांगतो. बोर्ड गेम अरीना किंवा रोल२० या ऑनलाइन खेळायच्या वेबसाइटवर वर्षानुवर्षं एकत्र खेळलेले पण कधीच न भेटलेले लोक असतील तर बॅजवर ऑनलाइन नावही लिहा, लोक खरं नाव ऐकून गोंधळतात आणि ऑनलाइन नाव ऐकलं की चेहरा एकदम खुलतो.

जुन्या ग्रुपच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी ठेवा अशी माझी फार इच्छा असते. एकटाच आलेला माणूस टेबलांमधून हळूहळू फिरताना लगेच दिसतो, त्याला बोलवा. पण बोलावलं तर नीट सामावून घ्या, दर दोन मिनिटांनी जुने किस्से काढून आपापसात हसत राहिलात तर तो बिचारा पाहुण्यासारखा बसून राहतो. किस्सा निघालाच तर त्याला सुरुवातीपासून सांगा, मग तोही हसतो.

जो येऊ शकला नाही त्याला हॉलमधून व्हिडिओ कॉल करायचा प्रयत्न लोक करतात, गोंगाटात काही ऐकू येत नाही आणि दोन्हीकडे वाईट वाटतं. सगळ्यांनी मिळून शांत जागी जाऊन एक मिनिटाचा निरोप रेकॉर्ड करा आणि पाठवा, ते जास्त पोचतं.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यातच करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, नंतर त्या होत नाहीत. फोटो पाठवताना नावं लिहून पाठवा. नव्याने भेटलेल्यांना कुठे भेटलो ते लिहून मेसेज टाका. आणि बोर्ड गेम अरीनावर ज्यात दिवसाला एखादी चाल करायची असते असा सावकाश चालणारा एक डाव परतीच्या प्रवासातच सुरू करा, त्यासाठी कुणाला वेळ काढावा लागत नाही आणि चालीसोबत दोन ओळी बोलणं होतं. महिन्यातून एकदा ऑनलाइन बसायचं असेल तर वार पक्का ठरवा, "सगळ्यांना जमेल तेव्हा" म्हटलं की ते कधीच जमत नाही, चारपैकी तिघं असले तरी खेळायचं.

पुढच्या वेळी बुकिंग आणि मेसेजामेसेजी कोण करणार ते मात्र कॉनमध्येच, सगळे समोर असतानाच ठरवून टाका आणि दर वेळी माणूस बदला, कारण एकच जण कायम सगळ्यांना गोळा करत असेल तर ज्या वर्षी त्याला जमणार नाही त्या वर्षी कुणीच भेटत नाही.